खडेबाजारातला पोलराइज्ड गॉगल

संध्याकाळी बेळगावहून उचगावकडं गाडी काढली की ऊन थेट डोळ्यांत. म्हणून खडेबाजारातल्या एका जुन्या चष्मेवाल्याकडून साडेनऊशेला पोलराइज्ड, म्हणजे रस्त्यावरून परतणारी चकाकी अडवणारा, गॉगल घेतला. स्वस्तातला काळाकुट्ट मागितला तर म्हणाला, "काका, काच काळी म्हणजे डोळा राखते असं नाही." बरोबर आहे. काळोखात बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवणारी नसेल तर ते उलट जास्तच आत जातात. ४०० नॅनोमीटरपर्यंत अडवणारी, म्हणजे यूव्ही ४०० काच बघून घ्या.

काच खरंच पोलराइज्ड आहे का, याची परीक्षा त्यानं काउंटरवरच दाखवली: मोबाईलसमोर गॉगल गोल फिरवला, एका कोनात पडदा काळा झाला! हे तंत्र अमेरिकी संशोधक एडविन लँडचं. त्यानं १९२९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता. ओल्या डांबरावरची चकाकी आता खरंच मरते. आमच्या पोराला मात्र वैमानिकांचाच साचा हवा, बॉश अँड लाँब या अमेरिकी चष्मा कंपनीनं १९३७ मध्ये बाजारात आणलेला. घे म्हटलं.

नाकावरची पट्टी जरा रुतते. दांडी ढिली झाली तर फुकट कसून देतात. अंधार पडला की मात्र काढून ठेवा बघा.