पेटी चरखा, आठ महिने रोज वापरल्यानंतर

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास पेटी चरखा ऑनलाइन मागवला, कुरियरसकट चार हजारांच्या आत बसला, आता गणपती आले म्हणजे आठ महिने झाले, रोज रात्री जेवणं आटोपली की तासभर बसते. क्रोशा मी कॉलेजपासून करतेय पण सूत कातायचं कधी डोक्यात नव्हतं. ज्यांना घ्यायचाय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय, कारण मला सुरुवातीला हे कुणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

आधी वस्तूबद्दल. बंद केला की ब्रीफकेस, उघडला की आत दोन चाकं, मोठं आणि छोटं, त्यांच्यात एक जाड माळ (चाक फिरवणारी दोरी), छोट्या चाकावरून चातीकडे, म्हणजे सूत पिळणाऱ्या लोखंडी काडीकडे, जाणारी दुसरी बारीक माळ. दोन टप्प्यांत वेग वाढतो म्हणून एवढ्याशा पेटीत चाती गरगर फिरते. १९३० च्या सुमारास गांधीजी येरवडा तुरुंगात असताना ही सुटसुटीत घडण त्यांनी मनावर घेतली, म्हणून जुने लोक याला येरवडा चरखाच म्हणतात. मी पुण्याचीच, तिथून शेकडो वेळा गेलेय आणि हे मला चरखा घरी आल्यावर कळलं! खाली सतरंजीवर बसून कातते, टेबलवर ठेवून बघितलं पण हात वर ओढायला जागा पुरत नाही.

आता मुख्य गोष्ट. पहिले दोन महिने सूत सारखं तुटायचं, हातभर निघालं की तुटलं, परत जोडा, परत तुटलं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाले ताई हात बसायला वेळ लागतो. मी पण तेच धरून चालले. मग ओळखीतून एक आजोबा भेटले, आयुष्यभर खादीचं काम केलेले, त्यांनी चरख्याला हात लावायच्या आधी नुसतं चाक फिरवून ऐकलं आणि म्हणाले, बाई, तुमची चाती वाकडी आहे. चाती काढून काचेच्या टीपॉयवर ठेवून बोटाने लोटली तर टोक चक्क वर-खाली होत होतं, चाती आणि काच यांच्यामधली उजेडाची फट प्रत्येक फेऱ्याला कमी-जास्त व्हायची. एवढ्याशा बाकाने दर फेऱ्याला सुताला हिसका बसत होता. त्यांनी लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू सरळ केली, दहा मिनिटं पण नाही लागली. त्या रात्री मी पहिल्यांदा सलग पंधरा मिनिटं न तुटता कातलं आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. चाती चांगली असली की बारीक भुंग्यासारखा आवाज येतो, खडखड आली की तिथेच थांबा. चरखा आल्या दिवशी आधी ही काचेवरची परीक्षा करा, वाकडी निघाली तर लगेच बदलून मागा.

दुसरी गोष्ट पेळू, म्हणजे ज्यातून सूत ओढायचं ती पिंजलेल्या कापसाची वळी. पोस्टाने येणारे पेळू दाबून चपटे होतात, तंतू एकमेकांना चिकटून बसतात आणि मग मधेच गाठ येते, मधेच केसासारखं बारीक होऊन तुटतं. हे मला आईने दाखवलं. ती कधी चरख्याला बसली नाही, पण गौरी-गणपतीला कापसाची वस्त्रं आणि वाती वर्षानुवर्षं करतेय. पेळू चिमटीत धरून म्हणाली, अगं हा दाबलाय, असा कापूस आला की मी आधी मोकळा करून घेते. आता मी पण पेळू उलगडून, हलक्या हाताने सैल करून, पुन्हा गुंडाळून मगच कातते. दोन रुपये जास्त गेले तरी चालतील पण पेळू ताजे घ्या आणि डब्यात उभे ठेवा.

पावसाळ्यात कातायला खूप छान वाटलं, हवेत ओल असली की तंतू उडत नाहीत, एकमेकांना धरून राहतात. पण माळ आवळते, चाक जड जातं, तेव्हा थोडी ढिली करायची आणि ऊन पडलं की परत ताणायची. पेटीचं झाकण पण जुलैत फुगलं होतं, आपोआप बसलं. चाती जिथे टेकते तिथे आठवड्याला शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब, बाकी देखभाल काही नाही.

आकडे हवे असतील तर माझे देते. गुंडी म्हणजे सुताची लड, तिच्यात ६४० तार, एक तार ४ फुटांची. पहिली धड गुंडी व्हायला तीन आठवडे लागले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५१ ग्रॅम भरली, म्हणजे साधारण ९ नंबरचं सूत. आता तीन दिवसांत होते आणि ३० ग्रॅम भरते, १५ नंबरच्या आसपास. सूत जेवढं बारीक तेवढा नंबर मोठा, वजन कमी.

विणकामवाल्यांसाठी महत्त्वाचं, एकेरी सूत तसंच विणायला घेऊ नका. मी सुयांवर एक चौकोन विणून बघितला, तो सरळ येईचना, एका बाजूला तिरका ओढला गेला, कारण सगळा पीळ एकाच दिशेचा. दोन पदर एकत्र घेऊन चाक उलटं फिरवून पीळ द्यायचा, मग गुंडी करून साबणाच्या पाण्यात उकळायची आणि ओली असतानाच ताणून वाळवायची. दुपदरी सूत शांत होतं, गुरफटत नाही, क्रोशाची सुई त्यात अडकत नाही. उकळल्यावर रंग पण उजळतो.

पुस्तकाच्या आकाराचा छोटा चरखा पण मिळतो, मैत्रिणीकडे वापरून बघितला, प्रवासाला ठीक, पण रोज तासभर बसायचं असेल तर मोठी पेटीच घ्या, चाक जास्त स्थिर फिरतं.

या वर्षी चौरंगावर घातलेला क्रोशाचा रुमाल पूर्ण माझ्या सुताचा आहे, चार गुंड्या लागल्या, कडेच्या कंगोऱ्यांना अर्धी वेगळी. एका कोपऱ्यात मार्चमधलं जाडंभरडं सूत आहे, ते मुद्दाम ठेवलंय. आई आरतीच्या आधी येऊन तोच कोपरा हाताने सारखा करून जाते.