हॉस्पिटलचं जेवण की घरचा डबा?

एक-दोन दिवस ॲडमिट असेल तर काहीपण चालतं, पण मुक्काम लांबला की हा प्रश्न येतोच. माझं मत सरळ आहे, पेशंटला मुख्य जेवण हॉस्पिटलचं आणि सोबत राहणाऱ्याला घरचा डबा.

हॉस्पिटलचं जेवण अळणी लागतं हे खरंय, पण ते आजार बघून डाएटिशियनने ठरवलेलं असतं. किडनीच्या पेशंटला पोटॅशियम सांभाळावं लागतं, त्यामुळे आपण प्रेमाने नेलेलं नारळपाणी त्याला महागात पडू शकतं, आणि इन्सुलिनवाल्याची तर जेवणाची वेळ इंजेक्शनशी बांधलेली असते, डबा ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकला तर त्याने काय करायचं सांगा? शिवाय शिजवलेलं अन्न बाहेर २ तासांच्या वर ठेवू नये, उन्हाळ्यात त्याच्याही आधी संपवावं.

डब्याची ताकद वेगळी आहे. तोंडाची चव गेलेला माणूस घरची मऊ मुगाची खिचडी बघून चार घास जास्त खातो, आणि आजारात प्रोटीन पोटात जाणं फार गरजेचं, एका अंड्यातच साधारण ६ ग्रॅम असतं. म्हणून डाएटिशियनला विचारून एखादा पदार्थ घरून जरूर न्या.

सोबतच्या माणसाकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं, बिचारे वडापाव आणि चहावर दिवस काढतात. हॉस्पिटलच्या जवळपास, कळव्याला, वाशीला कुणी नातेवाईक असेल तर बिनधास्त डबा मागा, पोळी-उसळ पुरे, आणि बॅगेत चणे-शेंगदाणे, केळी ठेवाच.