आयपीटीजी की अरॅबिनोज? बाधणारं प्रथिन बनवताना

ई. कोलाय जिवाणूत प्रथिन बनवायचं म्हटलं की हात आधी आयपीटीजीकडे, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या लॅक्टोजसारख्या रसायनाकडे, जातो, आणि त्यात गैर काहीच नाही. प्रथिन निरुपद्रवी असेल आणि भरपूर हवं असेल, तर बीएल२१(डीई३) या ई. कोलायच्या स्ट्रेनमध्ये (वाणात) टी-७ प्रमोटर (जनुकाची कळ असलेला डीएनएचा तुकडा) आणि ०.५ मिलिमोलर आयपीटीजी सहसा जास्त उत्पादन देतात. जिवाणू आयपीटीजी खात नाहीत, त्यामुळे टाकलेली मात्रा टिकून राहते.

पंचाईत होते ती प्रथिन जिवाणूलाच बाधत असेल तेव्हा. मीडियममध्ये (वाढीच्या द्रवात) घातलं जाणारं ट्रिप्टोन दुधाच्या केसीनपासून बनतं आणि त्यात कधीकधी लॅक्टोजचा अंश उरतो. रात्रभर वाढवलेल्या कल्चरमधला ग्लुकोज संपला की तेवढा अंशही प्रमोटर उघडायला पुरतो. आयपीटीजीची बाटली उघडलेलीसुद्धा नसते! सकाळी पाहावं तर वाढ खुंटलेली, प्लेटवर कॉलन्या लहान-मोठ्या. प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं) नसलेल्या पेशी मारायला अँपिसिलिन घातलेलं असेल तर ते प्लाझ्मिडवरून बनणाऱ्या बीटा-लॅक्टमेज विकराने केव्हाच फस्त केलेलं असतं आणि प्लाझ्मिड गमावलेल्या पेशीच जोमाने वाढतात. ट्रिप्टोनचा डबा बदलला की निकालही बदलतो. अशा प्रथिनांसाठी मी अरॅबिनोजकडे वळलो, ते मुख्यतः या त्रासामुळे.

डिंकात सापडणाऱ्या या साखरेवर चालणाऱ्या पीबॅड प्लाझ्मिडमध्ये अरॅबिनोज नसताना एराC प्रथिन स्वतःच प्रमोटर दाबून धरतं, आणि ०.२% ग्लुकोज घातला की उरलीसुरली गळतीही बरीच आटते. मात्र इंडक्शनच्या, म्हणजे अरॅबिनोज टाकून जनुक चालू करण्याच्या, आधी पेशी खाली बसवून ग्लुकोज नसलेल्या मीडियममध्ये धुऊन घ्याव्यात. नाहीतर अरॅबिनोज टाकूनही जेलवर प्रथिनाचा बँड (पट्टा) दिसत नाही.

२ ग्रॅम अरॅबिनोज पाण्यात विरघळवून १० मिलि करा आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. मीडियमसोबत ऑटोक्लेव्ह केलं तर रंग तपकिरी होतो. बाटलीवर ‘एल-अरॅबिनोज’च असल्याची खात्री करा, डी-रूपाने काम होत नाही. ओडी (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे पेशींची दाटी) ०.५ झाली की पाच नळ्यांत ०.२ टक्क्यापासून दहापटीने उतरत ०.००००२ टक्क्यापर्यंत मात्रा द्या आणि चार तासांनी जेल लावा.

स्ट्रेन अरॅबिनोज न पचवणारा हवा, उदाहरणार्थ टॉप१०. साधा बीएल२१ ही साखर खाऊन टाकतो. आणखी एक मर्यादा आहे: कमी मात्रेत काही पेशी पूर्ण चालू आणि बाकीच्या पूर्ण बंद राहतात, त्यामुळे जेलवरचा फिका बँड म्हणजे प्रत्येक पेशीत थोडं थोडं प्रथिन, असं धरू नये. प्रत्येक पेशीत सारखंच मध्यम प्रमाण हवं असेल, तर अरॅबिनोज पेशीत आणणारा एराE वाहक सतत बनवणारा बीडब्ल्यू२७७८३ स्ट्रेन घ्यावा.