अप्लाइड : नाव झाकणारं भरतीचं सॉफ्टवेअर आणि आपलं क्रियापद

भरतीतला पक्षपात कमी करतो म्हणणारी बरीच सॉफ्टवेअरं उमेदवाराला स्वतःच गुण देतात. अ‍ॅमेझॉनने तसंच एक साधन करून पाहिलं होतं. ते दहा वर्षांत आलेल्या, बहुतांशी पुरुषांच्या रेझ्युमेंवर शिकलं आणि रेझ्युमेत ‘विमेन्स’ शब्द दिसला की गुण कापायला लागलं. २०१८ मध्ये रॉयटर्सने ही बातमी बाहेर आणली, तोवर कंपनीने प्रकल्प गुंडाळला होता. ‘अप्लाइड’ची जातकुळी वेगळी आहे (या विषयात हा शब्द जपूनच वापरायला हवा). लोक निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणाऱ्या, ब्रिटिश सरकारात सुरू झालेल्या ‘बिहेव्हियरल इनसाइट्स टीम’मधून २०१६ मध्ये ते बाहेर पडलं. त्याच्या मूळ रचनेत गुण माणसंच देतात. त्या माणसांसमोर काय ठेवायचं, कोणत्या क्रमाने ठेवायचं आणि काय झाकायचं, एवढंच सॉफ्टवेअर बघतं.

कामाची पद्धत अशी. पहिल्या चाळणीत रेझ्युमेऐवजी कामावर बेतलेले तीन ते पाच लेखी प्रश्न असतात. तपासणाऱ्याला नाव, फोटो, कॉलेज काही दिसत नाही. एका उमेदवाराची सगळी उत्तरं सलग न दाखवता आधी सगळ्यांचं पहिलं उत्तर, मग सगळ्यांचं दुसरं, असं दाखवलं जातं. उत्तरांचा क्रम प्रत्येक तपासणाऱ्यासाठी वेगळा. तिघे जण एक ते पाच तारे देतात आणि स्वतःचे देऊन होईपर्यंत दुसऱ्याचे दिसत नाहीत. शेवटी सरासरी निघते.

जाहिरातीत भर असतो तो नाव झाकण्यावर. भारतात तो मुद्दा छोटा नाहीच. यूजीसीचे माजी अध्यक्ष सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले होते. त्यांतल्या सारख्या पात्रतेच्या अर्जांत फरक फक्त नावाचा. सवर्ण हिंदू नावाशी तुलना करता बोलावणं येण्याच्या ‘ऑड्स’चं (येणं विरुद्ध न येणं) गुणोत्तर दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघालं. आडनावावरून जात, जिल्हा आणि पोटशाखा ओळखण्याची आपल्याकडची हातोटी बघता हे आकडे वाचून कुणी खुर्चीतून पडणार नाही.

तरीही आमच्या मते या साधनाची खरी ताकद नाव झाकण्यात नाही. ती उत्तरांचे तुकडे करण्यात आहे. पहिलं उत्तर फर्मास निघालं की दुसऱ्या कच्च्या उत्तरालाही हात सैल सुटतो. प्रश्नवार तपासलं की ही गळती थांबते. सलग तीन भिकार उत्तरांनंतर आलेलं साधारण उत्तर सोन्यासारखं वाटतं. प्रत्येकासाठी क्रम वेगळा असला की त्याचा फायदा एकाच उमेदवाराला मिळत नाही.

आता मराठीतली अडचण, जी ब्रिटनमध्ये बसून सुचणं कठीण होतं. इंग्रजी उत्तरातून लिंग सहसा कळत नाही. मराठीत ‘मी त्यांच्याशी बोललो’ किंवा ‘मी रोज हिशोब बघते’ लिहिलं की झाकलेलं उघडं पडलं. उपाय मात्र व्याकरणातच आहे. प्रथमपुरुषी भविष्यकाळात लिंग दिसत नाही: ‘फोन करीन’, ‘खातं तपासेन’, ‘लेखी मागेन’. म्हणून ‘अशा प्रसंगी तुम्ही काय केलं होतं?’ असं न विचारता ‘काय कराल?’ असं विचारा. त्यात आणखी एक फायदा आहे. ‘काय केलं होतं’ या प्रश्नात मोठ्या कंपनीत राहिलेला माणूस आपोआप पुढे जातो, कारण सांगण्यासारखे प्रसंग त्याच्याच वाट्याला आलेले असतात.

दुसरी गळती शुद्धलेखनाची. ‘आणि’चं ‘आनि’ किंवा ‘होतं’चं ‘व्हतं’ झालं की तपासणाऱ्याच्या डोक्यात अख्खा माणूस उभा राहतो, गावासकट. इंग्रजी उत्तरांत तेच काम मराठी माध्यमात शिकलेल्याचं इंग्रजी व्याकरण करतं. गुणतक्त्यात, म्हणजे कशा उत्तराला किती तारे ते सांगणाऱ्या तक्त्यात, ‘भाषेला गुण नाहीत’ हे वाक्य पहिल्या ओळीत टाका. ज्या कामात ग्राहकाला पत्रं लिहायची आहेत तिथे भाषेचा प्रश्न वेगळा घ्या आणि त्याचे गुण वेगळे ठेवा. आश्रमशाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती असे उल्लेखही उत्तरातून डोकावतात. ‘उत्तरात शाळा, गाव, संस्था यांची नावं लिहू नका’ अशी सूचना प्रश्नाखालीच द्यावी लागते. सॉफ्टवेअर वाक्याच्या आतलं सगळं पुसेल या भरवशावर राहू नका.

प्रश्न आणि गुणतक्ता कच्चा असेल तर बाकी सगळं व्यर्थ. ‘टीमवर्कबद्दल तुमचे विचार सांगा’ या प्रश्नाला चॅटजीपीटी अर्ध्या मिनिटात पाच तारे मिळवून देईल. लेखी चाळणीचं सध्याचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. प्रश्न जितका कामाच्या चिखलात रुतलेला, तितका फरक दिसतो. हिशोब विभागासाठी असा प्रश्न चालेल: ‘एका डीलरचे पैसे ६० दिवस थकलेत. त्याचीच मोठी ऑर्डर आलीय आणि सेल्सवाले आजच माल सोडा म्हणतात. पुढच्या दोन तासांत काय कराल? १५० शब्द.’ त्याचा गुणतक्ता असा. एक तारा: नुसतं ‘सोडीन’ किंवा ‘अडवीन’. तीन तारे: खातं आणि उधारीची मर्यादा बघून सेल्सशी बोलणार. पाच तारे: त्याशिवाय पैसे नेमके का अडलेत ते शोधणार, म्हणजे परत आलेला माल, डेबिट नोट, जीएसटीचा न जुळलेला आकडा, आणि निदान काही रक्कम आधी घेऊन कुणाच्या लेखी परवानगीने माल सोडायचा तेही सांगणार. दोन आणि चार तारे मोकळे ठेवले तरी चालतं.

वेळेचा हिशोब आधी करा. ८० उमेदवार, ४ प्रश्न, ३ तपासणारे म्हणजे ९६० वाचनं. प्रत्येकाला एक मिनिट धरलं तर १६ तास, माणशी पाच तास वीस मिनिटं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे उमेदवार वाटून घेणं: ‘पहिले चाळीस तू बघ, बाकीचे मी.’ मग ज्याच्या वाट्याला कडक मास्तर आला तो मेला. वाटायचेच असतील तर प्रश्न वाटा, म्हणजे एका प्रश्नाची सगळीच्या सगळी उत्तरं त्याच तिघांनी बघायची. वीस-पंचवीस उत्तरांनंतर उठून चहा प्या. दोघांत दोन ताऱ्यांहून जास्त फरक पडला तर चर्चा जरूर करा, पण गुण नोंदवून झाल्यावर, आणि दुरुस्ती तक्त्यात करा.

मुलाखतीत चेहरा आणि आडनाव दोन्ही परत येतात. सॉफ्टवेअर इथे तेच प्रश्न, तोच क्रम आणि प्रत्येकाचे वेगळे गुण एवढी शिस्त लावतं. पण ‘कुठले तुम्ही?’, ‘कुठल्या देशपांड्यांपैकी?’, ‘घरी कोण कोण असतं?’ हे प्रश्न कोणत्याच रकान्यात येत नाहीत. ते पाण्याचा ग्लास पुढे करताना विचारले जातात. ‘आपल्यात बसेल का?’ या शेऱ्याला गुणतक्त्यात जागाच ठेवू नका. आणि साहेबांच्या ओळखीचा उमेदवार चाळणी टाळून थेट मुलाखतीला आला, तर ९६० वाचनं केलेल्या तिघांनी काय करायचं, याचं बटण यात नाही.

अहवालाची सोय चांगली आहे. उमेदवार ऐच्छिक माहिती देतात, ती तपासणाऱ्यांपासून वेगळी राहते आणि कोणत्या टप्प्यावर कोणता गट गळला ते एकत्रित दिसतं. हे वाचायला अमेरिकेतला १९७८चा चार-पंचमांशाचा नियम घ्या: एका गटाचं पुढे जाण्याचं प्रमाण सगळ्यात पुढे असलेल्या गटाच्या चार-पंचमांशाहून, म्हणजे ०.८हून, कमी असेल तर पक्षपाताची शंका घ्यायची. आपल्याकडे तो कायदा नाही, पण मोजपट्टी म्हणून बरा आहे. समजा, एका भरतीत ७० पुरुषांतले २१ पुढे गेले, म्हणजे ३० टक्के. ५० स्त्रियांतल्या १०, म्हणजे २० टक्के. गुणोत्तर ०.६७, ०.८च्या खाली. पण दोन स्त्रिया जास्त पुढे गेल्या असत्या तर आकडा नेमका ०.८ झाला असता. म्हणून एका भरतीवरून निष्कर्ष काढू नका, वर्षभराच्या भरत्या एकत्र करून बघा. ब्रिटनमधल्या वंशगटांची यादी इथे निरुपयोगी आहे. जात, शिक्षणाचं माध्यम आणि घरातला पहिला पदवीधर हे रकाने आपले आपण विचार करून ठरवावे लागतील.

उमेदवाराला कोणत्या कौशल्यात तो इतरांच्या तुलनेत कुठे पडला हे कळवलं जातं. आपल्याकडे ‘कळवतो’ म्हणून न कळवण्याची परंपरा आहे, त्यामुळे या एका गोष्टीला आमच्याकडून पूर्ण गुण. याउलट ‘या पद्धतीने घेतलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोक रेझ्युमेच्या चाळणीत गळले असते’ हा दावा विकणाऱ्यांचा स्वतःचा आहे, तो तेवढाच धरा.

वर्षाला शंभरेक जागा भरणाऱ्या कंपनीने हे विकत घ्यावं. दहा-बारा जागा भरणाऱ्यांनी आधी गूगल फॉर्म आणि शीटवर करून पाहावं: गुण न देणाऱ्या एका माणसाकडे नावांची यादी, प्रत्येक उमेदवाराला क्रमांक, प्रश्नागणिक वेगळं पान, शीटच्या रँड फंक्शनने (ते कोणताही आकडा यादृच्छिकपणे देतं) क्रम ढवळलेला. तिघांना तीन स्वतंत्र फाइली द्या. एकाच शीटमध्ये रकाने लपवून दिले तर लपवलेला रकाना उघडायला दोन क्लिक लागतात, आणि साहेबांनी किती दिले हे बघायचा मोह कुणाला आवरत नाही.