एम-डिस्क ब्लू-रे, २५ जीबी: चकती टिकेल, रायटरचं काय?

व्हर्बाटिमच्या एम-डिस्कच्या, म्हणजे डाटा वर्षानुवर्षं जपण्यासाठी बनवलेल्या कोऱ्या चकतीच्या, खोक्यावरचा हजार वर्षांचा दावा बाजूला ठेवा. तो प्रयोगशाळेत उष्णता आणि आर्द्रता वाढवून काढलेला अंदाज आहे. खरा प्रश्न असा, की साध्या बीडी-आरपेक्षा (एकदाच लिहिता येणारी कोरी ब्लू-रे चकती) जास्त पैसे मोजून काय पदरात पडतं?

डीव्हीडीत बरंच काही. साध्या डीव्हीडी-आरमध्ये डाटा सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर लिहिला जातो आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर बिघडतो. एम-डिस्कचा थर अजैविक असतो. २००९ साली अमेरिकी नौदलाच्या चायना लेक केंद्रात ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता आणि प्रखर प्रकाश अशा माऱ्यात ती तगली, बाकीच्या डीव्हीडी गेल्या. लिहायला मात्र एम-डिस्कचा शिक्का असलेलाच रायटर लागतो.

ब्लू-रेत हा फरक फार पातळ होतो. नेहमीच्या बीडी-आरचा, म्हणजे एचटीएल प्रकारच्या चकतीचा, थरही अजैविकच असतो. त्यामुळे २५ जीबीत एम-डिस्कसाठी जादा पैसे मोजावेत असं आमचं मत नाही. चांगल्या कंपनीची एचटीएल घ्या. पाकिटावर ‘एलटीएच’ दिसलं तर मात्र परत ठेवा, त्यात पुन्हा तेच सेंद्रिय रंगद्रव्य आलं.

बर्न करताना २५ जीबी म्हणजे विंडोजच्या हिशेबात २३.३. काठोकाठ भरू नका. बाहेरच्या कडेलाच चुका जास्त येतात, कारण वेडीवाकडी फिरणारी चकती तिथेच जास्त थरथरते. १८-१९ जीबीपर्यंत फाइली घेऊन आधी यूडीएफ इमेज (चकतीवर जाणाऱ्या सगळ्या मजकुराची एकच फाइल) बनवा, उरलेल्या जागेत डीव्हीडिझास्टर या प्रोग्रामने आरएस०३ प्रकारचा दुरुस्ती-डाटा घाला, मगच बर्न करा. पुढे काही सेक्टर वाचता आले नाहीत तरी फाइली परत मिळतात. वेग ४एक्स, व्हेरिफाय (लिहिलेलं पुन्हा वाचून तपासणं) चालू. सगळं मिळून पाऊण ते एक तास धरा. यूएसबीवर चालणारा बारीक रायटर मध्येच अडकला तर बहुतेकदा वीज कमी पडलेली असते: हब काढा, थेट पोर्टला लावा, दुहेरी केबल असेल तर दोन्ही टोकं जोडा.

नाव लिहायला पाण्याच्या शाईचं मऊ टोकाचं पेन, तेही मधल्या पारदर्शक कड्यावर. ब्लू-रेचा डाटा चमकत्या बाजूपासून जेमतेम ०.१ मिमी आत असतो, म्हणून पुसायचं ते केंद्राकडून कडेकडे, गोल गोल नाही. कोकणातल्या पावसाळ्यात कागदी पाकिटं ओल धरतात; कडक डबीत, उभी ठेवा.

लग्नाचे फोटो, दस्तऐवजांचे स्कॅन, घरच्या जुन्या कॅसेटींवरून उतरवलेला आवाज यांना २५ जीबी पुरतात. टेराबाइटने व्हिडिओ जमवणाऱ्या स्टुडिओने या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी एलटीओ ही चुंबकीय टेप असते; एलटीओ-९ च्या एका टेपमध्ये १८ टीबी मावतात, पण ड्राइव्हची किंमत लाखांत आहे आणि नवा एलटीओ-१० ड्राइव्ह जुन्या एलटीओ-९ टेप वाचतच नाही. याउलट आजचा ब्लू-रे रायटर १९८२ ची सीडीही वाचतो.

फक्त असे रायटर कमी होत चाललेत. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे चकत्यांचं उत्पादनही थांबवलं. चकत्यांच्या खोक्याबरोबर एक जादा रायटर घ्या, आणि १०० जीबीच्या चकत्या वापरणार असाल तर तो बीडीएक्सएल (१०० जीबीच्या चकत्या चालणाऱ्या प्रकारचा) हवा. साध्या रायटरला त्या ओळखताही येत नाहीत.