घरगुती रेल्वे मांडणीसाठी डीसीसी-ईएक्स: एक परीक्षण

घरातल्या एचओ मापाच्या (१:८७) छोट्या प्रतिकृती रेल्वेच्या मांडणीवर दोन इंजिने स्वतंत्रपणे चालवायची असतील, तर जुन्या डीसी पद्धतीत रुळांचे विद्युतदृष्ट्या तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळे बटण द्यावे लागते, आणि चालवणाऱ्याचे निम्मे लक्ष गाडीऐवजी बटणांवरच खर्च होते. डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजेच डीसीसी, हा प्रश्न मुळातूनच सोडवते. रुळांवर पूर्ण विद्युतदाब कायम असतो, त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते आणि प्रत्येक उलटण्याला किती वेळ लागला (५८ मायक्रोसेकंद म्हणजे एक, १०० मायक्रोसेकंद म्हणजे शून्य) यावरून इंजिनातला डीकोडर, म्हणजे आज्ञा वाचून मोटर चालवणारी छोटी पट्टी, आपल्या पत्त्यावर (इंजिनाला दिलेल्या क्रमांकावर) आलेली आज्ञा ओळखतो. ही पद्धत प्रमाणित असल्यामुळे रुळांवर आज्ञा पाठवणारे केंद्र एका कंपनीचे आणि डीकोडर दुसऱ्या कंपनीचा असला तरी अडत नाही.

हे केंद्र तयार विकत घेता येते. परंतु परदेशातून मागवायचे तर वाहतूक आणि सीमाशुल्क धरून ते बरेच महाग पडते. डीसीसी-ईएक्स हा त्यावरचा उत्तम पर्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डीसीसी प्लस प्लस या मुक्त प्रकल्पातून वाढलेली ही आज्ञावली विनामूल्य मिळते. यंत्रसामग्री म्हणून अर्डुइनो मेगा २५६० (आज्ञावली चालवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), त्यावर बसणारी आणि रुळांना वीज देणारी मोटर शील्ड आणि वीजपुरवठा एवढेच लागते. आज्ञावली चढवण्यासाठी स्वतंत्र इन्स्टॉलर दिलेला असल्याने प्रोग्रॅमिंग येत नसलेल्या माणसालाही ती पायरी जड जात नाही.

खरी काळजी शील्ड निवडताना घ्यावी लागते. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त मोटर बोर्डांवर विद्युतप्रवाह मोजण्याची सोयच नसते, आणि असा बोर्ड या कामाला निरुपयोगी आहे. शॉर्ट सर्किट झाल्याचे केंद्राला प्रवाह मोजूनच कळते. शिवाय डीकोडरमधील मूल्ये, ज्यांना सीव्ही म्हणतात, वाचताना डीकोडर सुमारे ६ मिलिसेकंद किमान ६० मिलिअँपियर जादा प्रवाह ओढून होकार देतो. तो मोजता आला नाही, तर इंजिनाचा पत्तासुद्धा वाचता येणार नाही. अर्डुइनोच्या मूळ मोटर शील्डवर ही सोय आहे. मात्र तिच्यातील एल२९८ चिप तापते आणि सुमारे दोन व्होल्ट स्वतःच खाते, म्हणून रुळांवर हवा त्यापेक्षा तेवढा अधिक दाब पुरवावा लागतो. शील्डच्या मागच्या बाजूची व्ही-इन जोडणी (जिच्यातून शील्डचा पुरवठा अर्डुइनोला मिळतो) तोडून अर्डुइनोला वेगळा पुरवठा देणेही आवश्यक आहे. अन्यथा रुळांसाठीचा दाब थेट अर्डुइनोवर जातो.

या केंद्राचे मूल्यमापन करताना तारांना वगळून चालणार नाही, कारण डीसीसीबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ केंद्रात नसून जोडणीत असते. ‘दोनच तारा जोडा आणि गाडी चालवा’ हे लहान वर्तुळापुरते खरे आहे. मांडणी खोलीच्या दोन भिंतींपर्यंत पोहोचली, की फळीखालून १.५ चौरस मिलिमीटरच्या दोन मुख्य तारा फिरवाव्यात आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांच्यापासून डाख देऊन बारीक तार जोडावी. रुळांच्या सांध्यातील पत्र्याच्या जोडपट्ट्यांवर विसंबू नये. त्यानंतर केंद्रापासून सर्वांत दूरच्या ठिकाणी दोन्ही रुळांवर रुपयाचे नाणे आडवे टेकवून पाहावे. केंद्राने तत्क्षणी वीज तोडली तर जोडणी योग्य आहे. तोडली नाही तर तारा जाड कराव्यात, आणि तोपर्यंत गाडी चालवू नये.

चालवण्याचा अनुभव मनापासून आनंद देणारा आहे. वाय-फाय जोडल्यावर अँड्रॉइड फोनवरील इंजिन ड्रायव्हर हे विनामूल्य ॲप लगाम हाती देते. वेगाच्या १२८ पायऱ्यांमुळे चांगल्या डीकोडरचे इंजिन फलाटावरून इतके हळू निघते, की डब्यांना बसणारा झटका दिसेनासा होतो. सीव्ही ३ आणि सीव्ही ४ मध्ये गती घेण्याचा आणि थांबण्याचा काळ वाढवला, तर जड मालगाडीचे वजन जाणवू लागते. एक उणीव मात्र ठळक आहे: काचेच्या पडद्यावर बोट ठेवून वेग बदलताना नजर गाडीवरून हटते. शंटिंगची, म्हणजे डबे पुढे-मागे करून जोडण्या-सोडण्याची, आवड असलेल्यांना फिरवण्याच्या खुंटीचा वेगळा नियंत्रक जोडावासा वाटेल. संगणकावर जेएमआरआय ही मुक्त आज्ञावली जोडली, तर डीकोडरची मूल्ये आकडे पाठ न करता सुबक तक्त्यांतून बदलता येतात, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते.

खर्चाचा हिशेब मात्र केंद्रावर संपत नाही. प्रत्येक इंजिनाला डीकोडर लागतो, आणि इंजिने पाच-सहा झाली की हीच रक्कम केंद्राच्या किमतीला मागे टाकते. आठ पिनांचे सॉकेट असलेल्या इंजिनात डीकोडर सहज बसतो. जुन्या इंजिनात मोटर सांगाड्यापासून पूर्ण विलग करून लाल-काळ्या तारा चाकांकडे आणि नारिंगी-करड्या मोटरकडे न्याव्या लागतात. डीकोडर नसलेले इंजिन या रुळांवर उभेही करू नये, कारण त्याची मोटर गुणगुणत तापत राहते.

मूळ शील्डवर प्रत्यक्षात दीड अँपियरच्या आसपासच थांबावे, म्हणजे एका वेळी दोन-तीन एचओ इंजिने, आणि आवाजाचे डीकोडर असतील तर त्याहून कमी. याहून अधिक गाड्या चालवण्याचा विचार असेल, तर प्रकल्पाचीच ८८७४ चिपची शील्ड सुरुवातीलाच घ्यावी. तिची क्षमता पाच अँपियरपर्यंत आहे आणि तिच्यात विद्युतदाबही फारसा वाया जात नाही. मात्र तेवढा प्रवाह वाहणार म्हटल्यावर मुख्य तारा २.५ चौरस मिलिमीटरच्या टाकाव्यात.