होडीच्या ट्रॉलीचा रंग: पंधरा महिन्यांनी काय टिकलंय

दाभोळच्या खाडीत गळ टाकायला जायची आमची पंधरा फुटी फायबरची होडी आहे. ती पाण्यापर्यंत न्यायची ट्रॉली बारा-तेरा वर्षांपूर्वी गावातच करून घेतली. ३ बाय २ इंची एमएसचे (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) चौकोनी पाइप, त्यावर रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर निळा ऑइलपेंट. पुढे दर दोन वर्षांनी मिरग यायच्या आत गंजावरच निळा ब्रश फिरवायचा, हा घरचा रिवाज. डिसेंबर २०२३ मध्ये होडी ओढून घेताना मागच्या आडव्या पाइपाचा तळहाताएवढा पापुद्रा सुटून हातात आला, तेव्हा रिवाज मोडला.

वेल्डिंगवाल्याने हातोडीने सगळीकडे टकटक केलं. जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने फुली मारली. म्हणाला, "दादा, हा बाहेरून नाही, आतून मेलाय." खरंच होतं. ट्रॉली पाण्यात उतरवली की वेल्डिंगच्या बारीक फटींतून खारं पाणी पाइपात शिरतं आणि त्याला बाहेर यायला वाट नसते. आम्ही बाहेरून रंग देत राहिलो आणि आत मीठ आपलं काम करत राहिलं. त्याने दोन तुकडे कापून नवे जोडले आणि प्रत्येक पाइपाला सगळ्यात खालच्या टोकाला १० मिमीचं भोक पाडलं, वरच्या टोकाला नळीचं तोंड जाईल एवढं दुसरं. सगळ्या कामात सर्वांत स्वस्त हेच पडलं आणि उपयोगही सर्वांत जास्त याचाच झाला. आता वरून नळी लावली की खालून आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी येतं. पहिल्या वेळी चहाच्या रंगाचं आलं होतं.

गॅल्व्हनाइज करून घ्यायचाही विचार केला होता. त्यात लोखंड सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, म्हणजे पाइप आतूनही मढतो. पण एक्सल, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) सगळं उतरवायचं, जुना रंग पूर्ण काढायचा आणि वर टेम्पोचं भाडं. शिवाय बंद पाइप भोकं न पाडता त्या भट्टीत गेला तर आतल्या वाफेने फुटू शकतो. जुन्या ट्रॉलीसाठी एवढा खटाटोप नको म्हटलं. नवी करून घेणाऱ्याने मात्र दुसरा विचारच करू नये.

घासायला तीन दिवस गेले, रंगाला दीड. पहिल्या दिवशी मी ग्राइंडरला कपब्रश (तारांचा गोल ब्रश) लावून सगळं चकाचक केलं आणि खुश झालो. ते लोखंड नव्हतंच. कपब्रशने गंजालाच पॉलिश होते, काळसर चमक येते आणि माणूस फसतो. मग टोकदार हातोडीने खवले पाडले, फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) फिरवली, आणि गोड्या पाण्याने धुऊन वाळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर खड्ड्या-खड्ड्यांत ओले काळे ठिपके, जणू लोखंडाला घाम फुटलाय. ते मीठ. ते हवेतलं पाणी ओढतं. पुन्हा धुतलं, पुन्हा घासलं. असं तीनदा केल्यावर ठिपके कमी झाले, गेले असं म्हणणार नाही.

प्रायमर म्हणून झिंक-रिच इपॉक्सी, म्हणजे जस्ताची पूड भरलेला रंग आणला, दोन डब्यांचा, बेस आणि हार्डनर, मिसळले की घट्ट व्हायला लागणारे. दुपारी दोनच्या उन्हात अख्खा डबा एकदम मिसळायचा शहाणपणा केला. पुढची अर्धी ट्रॉली होईपर्यंत डब्यात दही लागलं आणि ब्रशही त्यातच अडकून बसला. उरलेल्या मागच्या अर्ध्याला दुकानदाराने दिलेलं ॲल्युमिनियम घातलेलं इपॉक्सी मॅस्टिक (जाड थराचा रंग) लावलं, जे हाताने घासलेल्या लोखंडावर चालतं असं डब्यावर लिहिलेलं होतं. त्यामुळे एकाच ट्रॉलीवर दोन रंगांची परीक्षा फुकटात झाली.

जानेवारी २०२४ ते आता एप्रिल २०२५, मधे एक अख्खा पावसाळा. निकाल माझ्या अपेक्षेच्या उलटा लागला. झिंक नव्या पाइपाच्या तुकड्यांवर अप्रतिम आहे. धक्क्याच्या दगडावर घासून रंग उडालाय तिथेही गंज आजूबाजूला पसरलेला नाही. जुन्या, खड्डे पडलेल्या भागावर मात्र चार ठिकाणी रुपयाएवढे फोड आलेत. कारण सरळ आहे. लोखंडाच्या आधी जस्त झिजतं म्हणून लोखंड वाचतं, पण त्यासाठी जस्ताचा लोखंडाला थेट स्पर्श हवा. गंजावर लावलं तर तो नुसता महागडा राखाडी रंग. मागच्या बाजूचं मॅस्टिक जुन्या भागावरही घट्ट बसलंय. सँडब्लास्टिंग (वाळूसारख्या कणांचा मारा करून गंज काढणं) करणार नसाल तर महागाच्या झिंकच्या नादी लागू नका.

मॅस्टिकनेही कडांवर आणि नटबोल्टवर हार खाल्ली, पण तो दोष माझा. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरतो आणि तिथे थर पातळ राहतो. म्हणून कडा आणि वेल्डिंगच्या रेघा आधी बारीक ब्रशने वेगळ्या रंगवून घ्यायच्या असतात. मी पुढच्या बाजूला तसं केलं, मागे कंटाळा केला. कंटाळा कुठून सुरू झाला ते आता गंजाच्या रेघेवरून दिसतं.

आणखी एक चूक दवाची. पहिला हात संध्याकाळी पाचला संपवला. रात्री दव पडलं आणि सकाळी रंगावर चिकट पांढुरका थर. तो साबणाच्या पाण्याने धुऊन, पॉलिश पेपर मारून मगच पुढचा हात द्यावा लागला. आपल्याकडे थंडीत सकाळी दहानंतर सुरू करून तीन-साडेतीनला ब्रश खाली ठेवावा. वर पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) पांढरा हात दिला, कारण इपॉक्सी उन्हात खडूसारखं भुकटतं. पांढरा अशासाठी की गंजाचा पहिला अश्रू लगेच दिसतो. शेजारचे म्हणतात ॲम्ब्युलन्स वाटते.

पाट्यांना रंग टिकत नाही, एकमेकांवर घासून जातो. तिथे लोक जळकं ऑइल ओततात. चालतं, पण ते सगळं खाडीत उतरतं आणि त्याच खाडीतले मासे आपण खायचे. मी ब्रशने ग्रीस चोळतो. चाकांचे हब गरम असताना लगेच पाण्यात घालू नका. गार होताना ते सीलमधून पाणी आत ओढतात. धक्क्यावर पोचल्यावर वीस मिनिटं गप्पा माराव्यात. एकाने ट्रॉलीलाही बोटीसारखा, लोखंडाऐवजी स्वतः झिजणारा झिंकचा ठोकळा लावायला सांगितला होता. तो पाण्यात बुडलेला असतानाच काम करतो आणि आमची ट्रॉली पाण्यात पाच मिनिटं असते. बाकी वेळ तो शोभेचा.

रंग, थिनर, डिस्क मिळून साडेसात हजार गेले, वेल्डिंग वेगळं. दर फेरीनंतर दहा मिनिटं गोड्या पाण्याने धुणं चालू आहे. मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, तेव्हा धुवायला टाकीत साठवलेलं वापरावं लागतं आणि त्यावरून घरात बोलणी बसतात. ते चार फोड आता पावसाच्या आधी खरवडून तिथेही मॅस्टिकच लावणार आहे, या वेळी वाटीवाटीने मिसळून.